दुनळी बंदुकीचा इजेक्टर बिघडल्यास : दोष कसा ओळखावा, काय करावे, काय टाळावे

भात पोटरीतून बाहेर पडला, भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या की डोंगरकडेच्या शेतकऱ्याची झोप उडते. रानडुकरांचा कळप जेवढे खातो त्याच्या कितीतरी पट पीक तुडवतो आणि उकरून टाकतो. अशा भागात पीक संरक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी पूर्वीपासून आहेत.

पुण्याजवळचे वारजे हे गाव १९९७ साली महानगरपालिकेत आले. आज तेथे शेताऐवजी इमारती दिसतात. तरीही घर वारज्यात आणि भातखाचरे सिंहगडाच्या पायथ्याशी, पानशेतकडे किंवा मुळशीत, अशी कुटुंबे अजून आहेत. आजोबांची दुनळी वडिलांच्या व नंतर मुलाच्या परवान्यावर आलेली असते. वर्षातले दहा-अकरा महिने ती कपाटात पडून राहते आणि पीक निसवले की बाहेर काढली जाते. त्या वेळी हमखास ऐकू येणाऱ्या तक्रारी तीन : "एका नळीचे रिकामे काडतूस उडते, दुसरीचे उडत नाही", "दोन्ही नुसती वर येतात, बाहेर पडत नाहीत" आणि "काडतूस नळीतच अडकून बसले".

यांतील पुष्कळशा तक्रारींचे मूळ मळ, ओल आणि चुकीचे काडतूस यांत असते. हे दोष कोणतेही हत्यार न लावता घरी ओळखता येतात. उरलेले दोष परवानाधारक कारागिराचे काम आहे. धोका मात्र वेगळ्याच ठिकाणी असतो. अडकलेले काडतूस चाकूने किंवा पेचकसाने उकरताना दुसऱ्या नळीत भरलेले काडतूस तसेच राहते आणि घात होतो. म्हणून हा दोष समजून घेणे हे बंदुकीच्या देखभालीइतकेच जिवाच्या सुरक्षिततेचे काम आहे.

इजेक्टर म्हणजे काय?

दुनळी बंदूक मोडली, म्हणजे कळ दाबून नळ्या खाली झुकवल्या, की नळ्यांच्या मागच्या तोंडाशी एक पोलादी तुकडा बाहेर सरकतो. तो काडतुसाच्या बुडाची कड धरून काडतूस वर उचलतो. याचे दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार एक्स्ट्रॅक्टर. यात तुकडा अखंड असतो. तो दोन्ही काडतुसे एकाच वेळी थोडी वर उचलतो आणि ती बोटांनी काढून घ्यावी लागतात. दुसरा प्रकार इजेक्टर. यात तुकड्याचे उभे दोन भाग असतात, प्रत्येक नळीला एक. ज्या नळीचा घोडा पडला असेल त्याच नळीचे काडतूस जोराने मागे फेकले जाते. न उडवलेले काडतूस नुसते वर येते व जागेवर राहते.

म्हणून तक्रार करण्यापूर्वी प्रथम आपली बंदूक कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे. तुकडा अखंड असेल तर बंदुकीत इजेक्टर नाहीच. ती काडतूस फेकणार नाही आणि तो दोष नव्हे. वारसाने आलेल्या बंदुकीबाबत हा गैरसमज सहज होतो. इजेक्टर नसलेली बंदूक कमी प्रतीची असते असेही नाही. इजेक्टरचा 'टण्ण' आवाज जनावराला सावध करतो म्हणून अनेक जुने शिकारी साधा एक्स्ट्रॅक्टरच पसंत करीत.

यंत्रणा कशी चालते?

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे वेस्टली रिचर्ड्स कंपनीतील अँसन आणि डीली यांनी १८७५ साली घोडा आत असलेल्या दुनळीची सुटसुटीत रचना केली. आजच्या बहुतेक दुनळ्या त्याच धर्तीच्या आहेत. स्वयंचलित इजेक्टर त्याच सुमारास आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साउथगेट याने केलेली रचना सर्वांत जास्त रूढ झाली.

या रचनेत नळ्यांखालच्या लाकडात दोन लहान घोडे व दोन स्प्रिंगा असतात. चाप ओढल्यावर आतील मोठा घोडा पडतो आणि त्या बाजूच्या इजेक्टरला 'बार झाला' अशी सूचना देणारी पट्टी पुढे सरकते. बंदूक मोडताना तीन गोष्टी क्रमाने घडतात. प्रथम दोन्ही तुकडे सावकाश सरकून काडतुसे घरातून सैल करतात. हे काम नळ्या झुकण्याच्या जोराने होते, स्प्रिंगने नव्हे. नंतर नळ्या जवळजवळ पूर्ण झुकल्या की उडवलेल्या बाजूचा लहान घोडा सुटतो. शेवटी तो तुकड्याच्या पायावर आदळून काडतूस फेकतो. बंदूक पुन्हा मिटताना लहान घोडे परत ताणले जातात. काही बंदुका मिटताना जड लागतात त्याचे कारण हेच.

ही क्रमवारी ध्यानात ठेवली की दोष शोधणे सोपे होते. काडतूस मुळी हललेच नाही तर दोष काडतुसात किंवा त्याच्या घरात असण्याचा संभव जास्त. काडतूस वर आले पण फेकले गेले नाही तर दोष मळ, स्प्रिंग किंवा लहान घोडा यांच्याकडे शोधावा.

तपासणीपूर्वीची दक्षता

१. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून बंदूक मोडावी. दोन्ही घरे रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहावे व अंधार असल्यास बोटानेही चाचपावे.

२. जिवंत काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत. तपासणीच्या टेबलावर एकही असू नये.

३. चाचणी डमी काडतुसांनीच करावी. यात दारू नसते आणि टोपीच्या जागी स्प्रिंग किंवा रबर असल्याने फायरिंग पिनला इजा होत नाही. ती शस्त्रविक्रेत्याकडे मिळतात.

४. चाचणी करताना नळी वाळूच्या पोत्याकडे धरावी. इजेक्टर मागे फेकतो म्हणून तोंड बाजूला ठेवावे. मुलांना जवळ थांबू देऊ नये.

५. "एक बार काढून पाहू" असे म्हणून वस्तीत हवेत गोळी झाडू नये. वारज्यासारख्या ठिकाणी तर मुळीच नाही. निष्काळजीपणे किंवा आनंदोत्सवात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दोष शोधण्याचा क्रम

पायरी पहिली : बंदूक पूर्ण मोडता का? लहान घोडा नळ्या जवळजवळ पूर्ण झुकल्यावरच सुटतो. अर्धवट मोडल्यास काडतूस वर येऊन थांबते. बसून किंवा मचाणावरून बंदूक हाताळताना असे नेहमी होते. नळ्या एका दमात शेवटपर्यंत झुकवाव्यात. झटका मात्र देऊ नये.

पायरी दुसरी : तीन चाचण्या. दोन्ही घरांत डमी काडतुसे घालावीत. प्रथम फक्त उजव्या नळीचा चाप ओढून बंदूक मोडावी. उजवे काडतूस उडाले पाहिजे व डावे जागेवर राहिले पाहिजे. बंदूक मिटून आता फक्त डाव्या नळीची चाचणी घ्यावी. शेवटी दोन्ही चाप ओढून मोडावी. दोन्ही काडतुसे एकाच वेळी उडून साधारण सारख्या अंतरावर पडली पाहिजेत. मागे जाड गोधडी अंथरल्यास डमी खराब होत नाहीत. एक लवकर व दुसरे उशिरा उडाले किंवा एक लांब व दुसरे पायाशी पडले, तर जी बाजू कमजोर ती कागदावर लिहून ठेवावी.

पायरी तिसरी : अदलाबदल. कमजोर बाजूचे डमी दुसऱ्या नळीत व दुसऱ्या नळीतील या नळीत घालून चाचणी पुन्हा करावी. दोष काडतुसाबरोबर गेला तर काडतुसाची कड झिजलेली किंवा वाकलेली आहे. दोष त्याच नळीवर राहिला तर तो बंदुकीत आहे. पंपाचा नोझल बदलून पाहावा तशी ही साधी युक्ती आहे, पण तिने निम्मे काम होते.

पायरी चौथी : काडतूस घरात कसे बसते? ही चाचणी नळ्या दस्त्यापासून पूर्णपणे वेगळ्या करूनच घ्यावी. अशा स्थितीत टोपीवर आघात करणारे काहीही मागे नसते. वापरावयाचे काडतूस घरात सोडावे. ते स्वतःच्या वजनाने आत बसले पाहिजे आणि नळी उलटी करताच खाली घसरले पाहिजे. बोटाने दाबावे लागत असेल तर काडतूस ओलीने फुगलेले आहे, त्याच्या बुडाला गंज आहे किंवा घर मळलेले आहे. असे काडतूस वापरू नये. चाचणी संपताच काडतुसे परत कुलपात ठेवावीत.

पायरी पाचवी : घराची पाहणी. रिकाम्या वेगळ्या केलेल्या नळ्या उजेडाकडे धरून मागून पाहाव्यात. घर आरशासारखे दिसले पाहिजे. पुढच्या टोकाशी राखाडी कडे दिसले तर ते प्लॅस्टिकचे व दारूचे किटण आहे. ते साफ करता येते. काळे खड्डे दिसले तर तो गंज आहे. बार होताच काडतुसाची भिंत या खड्ड्यांत दाबली जाते आणि इजेक्टर कितीही चांगला असला तरी काडतूस सुटत नाही.

पायरी सहावी : सैलपणा. रिकामी बंदूक मिटून, नळीखालचे लाकूड काढून, नळ्या व दस्ता धरून हलक्या हाताने हलवावे. खडखड जाणवली तर बिजागरीची खीळ झिजली आहे. अशा बंदुकीत इजेक्टरची वेळ चुकतेच, शिवाय काडतुसामागे फट राहते. ती वापरणे तात्काळ थांबवावे. नळीखालचे लाकूड बसवल्यावर हलत असेल तर लहान घोड्याचा पूर्ण ठोका बसत नाही. हेही कमजोर इजेक्टरचे एक कारण आहे.

लक्षण, संभाव्य कारण व उपाय

१. दोन्ही काडतुसे वर येतात पण फेकली जात नाहीत : अखंड एक्स्ट्रॅक्टरची बंदूक, अर्धवट मोडणे, वाळून चिकट झालेले तेल. साफसफाई करूनही फरक नसेल तर स्प्रिंगा थकल्या आहेत. कारागिराकडे न्यावी.

२. एकाच नळीचे फेकले जात नाही : अदलाबदलीची चाचणी घ्यावी. दोष नळीवर राहिल्यास तुकड्याच्या खोबणीतील मळ पाहावा. त्यानंतरही दोष राहिल्यास त्या बाजूची स्प्रिंग तुटलेली किंवा लहान घोडा झिजलेला असतो. नळीखालचे लाकूड हलवल्यास आतून बारीक खुळखुळ ऐकू येणे ही तुटक्या स्प्रिंगची खूण होय. कारागिराकडे न्यावी.

३. न उडवलेले काडतूसही फेकले जाते : सूचना देणारी पट्टी किंवा लहान घोड्याचा खटका झिजला आहे. हा दोष किरकोळ वाटतो, परंतु तसा नाही. जिवंत काडतूस अंधारात गवतात पडते आणि आपण नळी भरलेली समजतो. बंदूक वापरू नये.

४. तुकडा बाहेर येतो पण काडतूस मागेच राहते : काडतुसाची कड फाटली आहे किंवा तुकड्याची धार झिजली आहे. कधी तुकडा कडेवरून घसरून कड त्याच्या खाली जाते आणि बंदूक मिटत नाही. अशा वेळी जोर लावून मिटवू नये.

५. बंदूक मिटताना अडते : तुकड्याच्या मागे न जळलेल्या दारूचा कण किंवा वाळूचा खडा अडकलेला असतो. जुन्या टूथब्रशने झटकावा. नळीखालचे लाकूड काढताना लहान घोडे सुटले असतील तरीही लाकूड परत बसत नाही. तेव्हा हातोडी वापरू नये. हे टाळण्यासाठी बंदूक रिकामी करून, एकदा पूर्ण मोडून मिटावी, चाप ओढू नये आणि मगच लाकूड काढावे.

काडतुसाची लांबी तपासा

बारा बोर म्हणजे नळीच्या व्यासाच्या बारा शिशाच्या गोळ्यांचे वजन एक पौंड. हा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. बोर जुळला म्हणजे काडतूस जुळले असे मात्र नाही. काडतुसाच्या घराची लांबीही जुळावी लागते. जुन्या इंग्लिश बंदुकांत ही लांबी बहुधा अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर असते. नंतरच्या बंदुकांत ती पावणेतीन इंच, म्हणजे ७० मिलिमीटर असते.

येथे फसगत होते ती अशी. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यानंतर तोंड पूर्ण उघडलेल्या काडतुसाची असते. न उडवलेले काडतूस तोंड दुमडलेले असल्याने आखूड असते. त्यामुळे ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ च्या घरात सहज बसते आणि शेतकरी निश्चिंत होतो. बार होताच तोंड उघडायला जागा पुरत नाही, दाब वाढतो, काडतूस अडकते आणि जुन्या नळीला धोका पोहोचतो. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर घराची लांबी कोरलेली असते. ती नसल्यास किंवा वाचता येत नसल्यास शस्त्रविक्रेत्याकडून मोजून घ्यावी व काडतुसाच्या खोक्यावरील लांबीशी ताडून पाहावी.

आपल्या राज्यातील शेतकऱ्यांना परिचित असलेली 'शक्तिमान' काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होतात. हा कारखाना १८६९ पासूनचा आहे आणि ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आहे. काडतुसे कोणतीही असोत, ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावीत. जुनी कागदी काडतुसे पावसाळी हवेत फुगतात. प्लॅस्टिकची फुगत नाहीत, पण त्यांच्या बुडाला गंज चढू शकतो. हिरवट किंवा तांबूस डाग असलेली, कड वाकलेली, घरी पुन्हा भरलेली काडतुसे वापरू नयेत.

काडतूस नळीत अडकले तर

शेतात, अंधारात, घाईत हा प्रसंग येतो. पुढील क्रम पाठ करून ठेवावा.

१. चापावरील बोट काढावे. नळीचे तोंड माणसे, गुरे व घर यांच्यापासून दूर धरावे.

२. दुसऱ्या नळीतील काडतूस सर्वप्रथम काढून खिशात टाकावे. हे केल्याशिवाय अडकलेल्या काडतुसाला हात लावू नये.

३. सोबत्यांना आपल्या मागे उभे करावे.

४. बंदूक मोडलेलीच ठेवून कड नखाने किंवा लाकडी काडीने हळूच ओढून पाहावी. थोडा वेळ थांबल्यास नळी निवून काडतूस कधी आपोआप सैल होते.

५. तरीही न निघाल्यास नळ्या दस्त्यापासून वेगळ्या कराव्यात. बार झाला होता, आवाज व धक्का नेहमीसारखा होता याची पूर्ण खात्री असेल तरच पुढून लाकडी गज घालून काडतूस हलक्या हाताने मागे ढकलावे. लोखंडी सळई वापरू नये व ठोकू नये.

६. खात्री नसेल तर गज घालू नये. टोपीवर खळगा आहे म्हणजे बार झाला असे समजू नये. बार न झालेल्या काडतुसाच्या टोपीवरही तसाच खळगा पडतो. नळ्या व दस्ता वेगवेगळे ठेवून बंदूक परवानाधारक कारागिराकडे न्यावी आणि नळीत जिवंत काडतूस असण्याची शक्यता त्याला आधी सांगावी.

चाकू, पेचकस, खिळा यांचा वापर कधीही करू नये. त्यांनी तुकड्याची धार मोडते, घराला ओरखडे पडतात, आणि टोक टोपीला लागले तर बार होऊ शकतो.

चाप ओढला पण बार झाला नाही तर

इजेक्टरच्या बंदुकीत येथे विशेष काळजी लागते. घोडा पडला की इजेक्टर ते काडतूस फेकणारच. बार झाला की नाही हे त्याला कळत नाही. कधी दारू उशिरा पेट घेते. म्हणून लगेच बंदूक मोडू नये. नळी सुरक्षित दिशेला रोखून निदान अर्धा मिनिट, शक्यतो एक मिनिट थांबावे. नंतर तोंड बाजूला ठेवून, तळहात मागे धरून बंदूक सावकाश मोडावी. पडलेले काडतूस शोधून काढावे. मळणीच्या वेळी ते पेंढ्यात किंवा मुलांच्या हाती सापडता कामा नये.

आवाज फुसका झाला तर दुसरा बार काढू नये. नळीत डाट अडकलेला असू शकतो. बंदूक रिकामी करून, नळ्या वेगळ्या करून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे. डाट अडकलेल्या नळीतून दुसरा बार काढल्यास नळी फुटते.

साफसफाई व साठवण

हंगामापूर्वी एकदा, हंगामानंतर एकदा आणि प्रत्येक वापरानंतर बंदूक साफ करावी. पितळी ब्रशला रॉकेल किंवा बंदुकीचे सफाई द्रावण लावून घरात गोल फिरवावा. नंतर फलालीनच्या कोरड्या फडक्याने पुसावे. इजेक्टरच्या तुकड्याच्या खोबणी टूथब्रशने व बांबूच्या काडीने मोकळ्या कराव्यात. दांड्याला बंदुकीच्या पातळ तेलाचा एक थेंब पुरे. जास्तीचे तेल पुसून टाकावे.

अनेक घरांत बंदुकीला खोबरेल किंवा शेंगदाणा तेल लावतात. ही सवय सोडावी. खोबरेल थंडीत गोठते. ज्या पहाटे रानडुकरे येतात त्याच पहाटे इजेक्टर जागेवर बसतो. शेंगदाणा तेल हवेने चिकट होते व धूळ धरते. नळीखालच्या लाकडात तेल ओतल्यानेही हाच परिणाम होतो. घरात तेलाचा थर राहिल्यास बाराचा धक्का नळीच्या मागच्या तोंडावर अधिक बसतो, म्हणून वापरापूर्वी घर कोरडे करावे. पॉलिश पेपरने घर घासू नये. घर मोठे होते आणि दोष कायमचा होतो.

बंदूक चामडी खोळीत वर्षभर ठेवू नये. पावसाळ्यात चामडे ओल धरते. पुसून, पातळ तेलाचा हात फिरवून कोरड्या कुलूपबंद कपाटात ठेवावी. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार काही परवानाधारकांना शस्त्र जमा करावे लागते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचे मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे ऐन भातकापणीच्या दिवसांत होते. जमा करण्यापूर्वी बंदूक साफ करून तेलाचा हात द्यावा, आणि परत मिळताच वरील तीन चाचण्या घेतल्याशिवाय ती शेतावर नेऊ नये.

दुनळी रायफल असल्यास

काही जुन्या घराण्यांत शिकारीच्या काळातील दुनळी रायफल असते. तिच्या इजेक्टरची रचना व दोष शोधण्याचा क्रम हाच आहे. फरक दाबाचा आहे. रायफलचे काडतूस पितळी असते व दाब बंदुकीच्या कित्येक पट असतो. त्यामुळे पितळी काडतूस अडकणे हा प्रथम जादा दाबाचा इशारा मानावा, इजेक्टरचा दोष नंतर. कॉर्डाइट दारूचा दाब उष्णतेने वाढतो. हिंदुस्थान व आफ्रिकेत काडतुसे अडकू लागल्याने विलायतेतील कारखान्यांना उष्ण प्रदेशांसाठी कमी भाराची काडतुसे काढावी लागली होती. तेव्हाची जुनी काडतुसे आज वापरू नयेत. काडतूस अडकल्यास दुसरा बार न काढता रायफल जाणकार कारागिराला दाखवावी.

दुरुस्ती कोणाकडून करावी?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती करता येत नाही. म्हणून लोहार, वेल्डर किंवा फिटर यांच्याकडून स्प्रिंग बदलून घेऊ नये. हे कायद्याविरुद्ध आहे. शिवाय अंदाजाने बसवलेली जास्त ताणाची स्प्रिंग इजेक्टरचे पायही मोडते. दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे बंदूक रिकामी, खोळीत व परवान्यासह न्यावी. क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी. वरील चाचण्यांत काय दिसले ते कागदावर लिहून द्यावे. "डावी बाजू कमजोर, काडतूस बदलूनही फरक नाही" एवढे वाक्य कारागिराचा अर्धा दिवस वाचवते. २०१९ पासून परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. नूतनीकरणाची तारीख त्यामुळे विसरली जाते, ती कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस लिहून ठेवावी.

त्याच अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्यास वाटल्यास दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. रायफल यात बसत नाही. तसेच बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली असून रानडुक्कर आता अनुसूची दोनमध्ये आहे. उभ्या पिकास धोका असल्यास कलम ११ नुसार वन विभागाच्या प्राधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. ती मिळेपर्यंत राखण, सौर कुंपण, बांधावर करडईच्या काटेरी ओळी हे उपाय चालू ठेवावेत आणि नुकसान झाल्यास वन विभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा.

थोडक्यात महत्त्वाचे

• तुकडा अखंड की दोन भागांचा, हे प्रथम पाहावे.
• बंदूक पूर्ण मोडावी. तीन चाचण्या व अदलाबदल डमी काडतुसांनीच करावी.
• घराची लांबी व काडतुसाची लांबी जुळवावी.
• काडतूस अडकल्यास प्रथम दुसरी नळी रिकामी करावी.
• टोपीवरचा खळगा म्हणजे बार झाल्याचा पुरावा नव्हे.
• खोबरेल, पॉलिश पेपर, पेचकस व हातोडी बंदुकीपासून दूर ठेवावीत.
• स्प्रिंग, खटका व बिजागरी ही कामे परवानाधारक कारागिराचीच.

शेतकरी बंधूंनो, पेरणीपूर्वी आपण पाभरीचे नळे तपासतो, फवारणीपूर्वी पंपाचा वॉशर पाहतो. तीच शिस्त कपाटातल्या दुनळीलाही लावावी. ही तपासणी भात निसवण्यापूर्वी एका दुपारी, दिवसाउजेडी उरकावी. दोष निघालाच तर दुरुस्तीला वेळ मिळतो, आणि रात्री शेतावर जाताना बंदुकीत काय होईल याची शंका मनात राहत नाही.